खळ्यावरची पिवळी गाडी

इंदिरानगर, नाशिक
९ फेब्रुवारी २०२५

ती. सुलावहिनींस,

सोमनाथचा नमस्कार. पाकीट बघून दचकू नका. कोणी गेलेलं नाही आणि कोणी आजारीही नाही. फोनच करणार होतो, पण तुमच्या घरचा फोन नाना उचलतो, 'हां' म्हणतो आणि ठेवून देतो. चुकून तुम्ही उचललात तर स्पीकरवर टाकता, म्हणजे मी बोलायचं तुमच्याशी आणि ऐकायचं अख्ख्या ओसरीने. त्यापेक्षा पत्र बरं. मी बोर्डिंगात होतो तेव्हा तुम्ही कार्ड पाठवायचात, 'भाऊजी, पोटभर जेवत जा' एवढं एकच वाक्य, तेही कार्डभर मोठ्या अक्षरात. त्या ओळखीवर उत्तराची आशा ठेवतो.

इकडे सगळं ठीक. ज्योत्स्ना वेदिकाकडे पुण्याला आहे. नातू लहान, त्यामुळे आजीवाचून त्यांचं पान हलत नाही. माझे काही हाल नाहीत. डबा येतो. डबेवाल्या बाईंचा हात मिठाला सैल आहे, पण बीपीची गोळी चालूच आहे, तेव्हा तिलाही काही काम नको का? माझं द्राक्षांचं पॅकहाऊस विकल्यापासून सकाळी उठून कुठे जायचं नसतं. सुरुवातीला बरं वाटलं. आता पेपर जाहिरातींसकट वाचतो.

तुमच्या बागेची तोडणी सुरू झाली असेल. यंदा माल गोड आहे म्हणतात. आणवून घेईन म्हणतो, पण बाजारातून घरी पेटी आणायची म्हटलं की आपल्याच घरची द्राक्षं विकत घेतल्यासारखं वाटतं.

आता कामाचं. ती माझी पिवळी गाडी आठवत असेल, तुम्ही तिला हळदीची नवरी म्हणाला होतात. तिच्या कंपनीने कळवलंय की त्या जातीच्या सगळ्या गाड्यांमध्ये पेट्रोलच्या नळीत दोष निघालाय. उभ्या उभ्या पेट घेऊ शकते. म्हणून चालवायची नाही आणि घराजवळ ठेवायचीही नाही. चारही बाजूंना मोकळं रान हवं, जवळपास जळण्यासारखं काही नको. नवा भाग परदेशातून येणार, त्याला काही महिने लागतील.

कंपनी भरपाई द्यायला तयार आहे. दोन वाटा दिल्यात. एक तर गाडी परत करायची आणि घेतलेली सगळी किंमत पदरात पाडून घ्यायची. नाहीतर थांबायचं, मग दर महिन्याला गाडी वापरता येत नसल्याची काही रक्कम, आणि ज्याच्या जागेत गाडी ठेवू त्याला भाडं. मी थांबायचं ठरवलंय. का, ते विचारू नका.

सध्या गाडी माझ्या पोर्चमध्येच आहे. बातमी कॉलनीत फुटल्यापासून मी वाळीत पडल्यासारखा झालोय. शेजारच्या शेखररावांनी त्यांची गाडी पलीकडच्या गल्लीत नेऊन लावली. काल फाटकाबाहेर उभं राहून म्हणाले, "सोमनाथराव, तुमचं काहीतरी बघा. आमच्याकडे गॅसची पाइपलाइन आहे." इतक्या वर्षांचा शेजार, पण आत येऊन चहा घ्या म्हटलं तर हातानेच नको म्हणाले. लग्नाच्या लॉन्सवाल्यांना विचारून झालं, एका प्लॉटवाल्याला विचारून झालं. एवढ्या मोठ्या नाशकात चार महिने एक वस्तू ठेवून घे म्हणावं असा एक माणूस मला आठवला नाही, वहिनी. असून अडचण नसून खोळंबा म्हणतात, तसं झालंय.

तर आपलं खळं. मागच्या बाजूला घर नाही, झाड नाही. फक्त मधोमध कडब्याची गंजी आहे, ती हलवावी लागेल. रचलेली गंजी हलवणं म्हणजे काय, ते मला नाशकात राहून विसरायला झालेलं नाही. माणसं मी पाठवतो. नानाला त्रास नको.

एक अट आहे. जागा नातेवाइकाची असेल तर कंपनी भाडं देत नाही. तेव्हा त्यांच्या ऑफिसातून राज म्हणून एकाचा फोन येईल, त्याला सांगायचं, ओळखीचे आहेत. बस्स. आडनावाचं काय, निम्म्या सायखेड्याचं आडनाव तेच आहे. खोटं बोलायला सांगत नाही, फक्त जास्त बोलू नका. नानाला तशीही जास्त बोलायची सवय नाही. आणि खरं बघायला गेलं तर आम्ही आता ओळखीचेच उरलोय.

हे पत्र त्याला वाचून दाखवू नका. तुमच्या पद्धतीने कानावर घाला. त्या दिवसाचं मी मनात काही ठेवलेलं नाही.

आपला,
सोमनाथ


इंदिरानगर
३ मार्च २०२५

ती. सुलावहिनींस,

नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं होतं. 'जागा झाली. गाडी आणा. डबा बंद करा.' तीन वाक्यं, म्हणजे बोर्डिंगापेक्षा दोन जास्त. डबा मात्र बंद केलेला नाही. त्या बाई आल्या की दारात दोन शब्द होतात.

मी पाठवलेली माणसं हात हलवत परत आली. म्हणाली, गंजी कधीच हललीय, म्हातारबाबाने एकट्याने हलवली. मी विचारलं, एकट्याने कशी? तर म्हणे बैलगाडीत भरून, रोज थोडी थोडी, विहिरीपलीकडे. वहिनी, तुम्ही त्याला अडवलं का नाही? त्याचे गुडघे काय अवस्थेत आहेत ते मला माहीत आहे. बसला की उठायला खांब शोधतो.

गाडी आली त्या दिवशी तुम्ही बघितलीच मजा. कंपनीच्या ट्रेलरवर ती बसून आली तेव्हा चांदोरीच्या पुलापासून पोरं मागे लागली होती. पारावरचा एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "सोमनाथशेठची गाडी बैलगाडीला भारी, पर बैल तरी सोताच्या पायानं येत्यात." मी हसलो. हसण्यावारी नेलं नाही तर गावात उभं राहता येत नाही. तुम्ही ओवाळायला ताट आणलंत, मी म्हटलं निरांजन नको, पेट्रोल आहे. मग नुसतं कुंकू लावलंत. नाना बागेत होता म्हणालात. मी बागेकडे बघितलं, तिथे कोणी दिसलं नाही.

हे पत्र मात्र वेगळ्या कारणाने लिहितोय. काल त्या राजचा फोन आला. म्हणाला, "सर, जागेचं भाडं मंजूर होणार नाही." मी म्हटलं का? म्हणाला, "मी काकांना विचारलं, गाडीचे मालक तुमचे कोण लागतात? ते म्हणाले, सख्खा भाऊ." तो बिचारा माझी समजूत काढायला लागला. "सर, मी त्यांना नियम सांगितला. म्हटलं काका, नातेवाईक असाल तर भाडं मिळणार नाही, नीट विचार करून सांगा. तर ते म्हणाले, 'मंग नको देऊ. भाड्यापायी भाऊ नाय म्हनू का?' आणि फोन ठेवला."

राजला वाटलं मी भाड्यासाठी गप्प झालोय. तो म्हणाला, वरिष्ठांशी बोलतो. मी म्हटलं राहू दे. फोन ठेवल्यावर मी पोर्चमध्ये जाऊन बसलो. गाडी गेल्यावर तिथे तेलाचा एक डाग राहिलाय, त्याच्याकडे बघत बसलो होतो.

हे कोणालातरी सांगावं असं फार वाटलं. ज्योत्स्नाला फोन लावला. वेदिकाने उचलला. म्हणाली, आई देवळात गेलीय. मागून ज्योत्स्नाचा आवाज येत होता, कुकरची शिट्टी किती झाली ते विचारत होती. मी म्हटलं, बरं, आली की सांग. आणि सांगायचं काय होतं ते सांगितलंच नाही.

मागच्या पत्रात मी नातू लहान आहे असं लिहिलं होतं. तो आता शाळेत जातो, वहिनी. बाळंतपणाला म्हणून गेली होती ती. आमचं भांडण नाही, तंटा नाही. सणाला एकमेकांना फोन करतो. तिला तिथे करमतं, एवढंच. इथे करमत नव्हतं हे मला ती गेल्यावर कळलं. पुणे काही सातासमुद्रापार नाही, पण मी तिथे गेलो की जावई मला त्यांची खोली देतात आणि स्वतः हॉलमध्ये झोपतात. पाहुण्याला देतात तशी.

ती पिवळी गाडी मी त्यानंतर घेतली. लोक म्हणाले, म्हातारपणी हौस. हौसेला मोल नसतं, म्हणू देत. खरं कारण तुम्हालाच सांगतो. जुन्या मोठ्या गाडीत मी एकटा बसलो की चार सीट रिकाम्या दिसायच्या. हिच्यात एकच दिसते.

म्हणून त्या दिवशी मला लागलं. मी गाडी दाखवायला घेऊन आलो होतो, तुम्ही लिंबू ठेवलंत, चाकाखाली फुटलं, आणि नाना विहिरीजवळूनच ओरडला, "दोनच मान्सांची हाय का? मंग बाकीच्यांनी काय मागं पळायचं?" सगळे हसले. तोही हसला. मी चहा न घेता निघालो आणि दोन दसरे फिरकलो नाही. त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं की बाकीचं कोणी नाहीच. मी कुठे सांगितलं होतं?

भाड्याचं मनाला लावून घेऊ नका. रविवारी गाडीवर नजर टाकायला येतो. कंपनीने अधूनमधून बघायला सांगितलंय.

तुमचा भाऊजी,
सोमनाथ


इंदिरानगर
१४ एप्रिल २०२५

ती. सुलावहिनींस,

नमस्कार. हे पत्र तुमच्या माहेरच्या पत्त्यावर वणीला टाकतोय. गडावरची चैत्राची गर्दी आता ओसरली असेल. देवीला माझ्याही वतीने हात जोडलेत ना? जोडले नसतील तर पायथ्यावरून जोडा, तिला चालतं.

अधूनमधून बघायला कंपनीने सांगितलंय असं मी लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. तुम्हाला कळलंच असणार. गाडीवर ताडपत्री आहे, बॅटरीची तार काढलेली आहे, तिच्यात बघण्यासारखं काही नाही. तरी मी दर रविवारी येत राहिलो, ताडपत्रीचं एक टोक उचलायचो, चाकं बघायचो, परत टाकायचो. मग तुम्ही हाक मारायचात, भाऊजी, भाकरी गरम आहे. त्या हाकेसाठी मी चांदोरीपासून एसटीत उभा राहून येत होतो. नाना मी आलो की बागेत जायचा आणि मी निघालो की परत यायचा. पण भाकरीबरोबर खुरसणीची चटणी असायची. ती तुम्हाला आवडत नाही, मला आवडते, आणि पाट्यावर ती नानाच वाटतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

तर काल. तुम्ही नाही हे ठाऊक असूनही आलो. म्हटलं कोणी नसेल तर चाक बघून परत फिरू. खळ्याच्या कोपऱ्यावर आलो तर ताडपत्री अर्धी वर, गाडीचं दार उघडं, आणि आत नाना.

ड्रायव्हरच्या जागी नाही, शेजारच्या सीटवर. त्या सीटचं प्लॅस्टिक मी कधी काढलंच नव्हतं. बसायला कोणी नव्हतं, तर काढायचं कशाला? नानाने ते काढून घडी घालून समोर ठेवलं होतं, तुम्ही लुगड्याची घालता तशी नीट. टोपी मांडीवर. दोन्ही हात गुडघ्यांवर, एसटीत खिडकीशी बसतो तसा. समोर लांबवर फक्त गोठ्याची भिंत, पण बघत होता जणू रस्ता चाललाय.

मी आडोशाला थांबलो. परत फिरणारच होतो, खरंच सांगतो. तेवढ्यात त्याने उठायचं मनात घेतलं. एक पाय बाहेर काढला आणि तिथेच अडकला. ती गाडी जमिनीला टेकलेली, वहिनी. आमच्यासारख्यांना त्यातून निघणं म्हणजे विहिरीतून निघणं. त्याने दाराला धरलं, छताला धरलं, परत मागे बसला. पुन्हा जोर केला, पुन्हा बसला. हाक मारायला घरात कोणी नव्हतं. आणि असतं तरी त्याने मारली नसती.

मी गेलो. हात पुढे केला. त्याने आधी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग धरला. ओढताना मलाच धाप लागली, एकमेकांना धरून दोघं कसेबसे उभे राहिलो. धोतर झटकत म्हणाला, "लय खाली हाय रे ही."

मी म्हटलं, "हो ना."

एवढंच झालं बोलणं. दोन वर्षांनंतर. मग तो चुलीकडे गेला आणि त्याने चहा टाकला. साखर इतकी घातली होती की चमचा उभा राहावा. मी सगळा प्यायलो. तो बागेत गेला नाही, समोर बसून राहिला. निघताना फाट्यापर्यंत आला आणि एसटी येईपर्यंत थांबला. गाडी सुटली तेव्हा त्याने हात वगैरे केला नाही, तो तसलं करत नाही.

घरी आलो तर राजचा निरोप होता. नवा भाग मुंबईला पोचलाय. काही आठवड्यांत गाडी घेऊन जातील, दुरुस्त करून इंदिरानगरला आणून सोडतील. अजूनही परत करायची असेल तर पूर्ण किंमत मिळेल, पण महिन्याभरात कळवायचं. तो अभिनंदन म्हणाला.

मला काल रात्रभर एकच कळत नव्हतं. गाडी खळ्यावरून गेली की मी रविवारी काय बघायला येऊ? तुम्ही परत आलात की सांगा. नाही, तुम्ही काय सांगणार? तुम्ही म्हणाल, भाऊजी, कारण कशाला लागतं. मला लागतं, वहिनी. मला सवयच राहिली नाही विनाकारण कुठे जायची.

तुमचा,
सोमा


इंदिरानगर
१२ मे २०२५

ती. नानास,

सोमाचा नमस्कार. हे पत्र वहिनींच्या नावावर नाही, तुझ्या नावावर आहे. त्यांच्याकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा देवळीत असतो, तो काढ आणि तूच वाच. माझं अक्षर तुला लागतं, शाळेत माझी पाटी तूच तपासायचास.

गाडी मी परत करतोय. राजला तसं सांगितलं. तो चक्रावला. म्हणाला, "सर, आता तर भाग आला, आता का?" मी म्हटलं, माझ्या भावाला तिच्यातून उठता येत नाही. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. त्याने परत विचारलं, काय कारण टाकू? मी परत तेच सांगितलं. ते त्याने टाकलं की नाही कोण जाणे. येत्या शुक्रवारी ट्रेलर येईल, गाडी नेईल. किल्ली विहिरीच्या मोटारीच्या किल्लीशेजारी टांगली आहेस, ती त्या माणसाला दे. सीटवरचं प्लॅस्टिक द्यायची गरज नाही. वहिनी त्यावर कुरडया वाळवतील.

मिळालेल्या पैशातून एक साधी उंच गाडी घेईन म्हणतो. पाय खाली सोडून बसता येईल अशी, मागे वहिनींनाही जागा. मग वणीला जाऊ. पण ते नंतरचं. घाई नाही.

ज्योत्स्नाचं वहिनींनी तुला सांगितलं असेल. सांगितलं नसेल तर मी सांगेन. तू विचारायचं नाहीस, मला माहीत आहे, म्हणून मीच सुरुवात करीन. तू दोन माणसांच्या गाडीबद्दल बोललास ते मला लागलं होतं. तुलाही माझं चहा न घेता जाणं लागलं असणार. आपल्या घरात लागलेलं कोणी दाखवत नाही, त्यात आपल्या दोघांची वर्षं गेली. मला फार एकटं वाटतं, नाना. हे वाक्य मी दोनदा खोडलं होतं आणि परत लिहिलं आहे.

तू त्या राजला जे सांगितलंस ते मला कळलं. भाडं बुडवलंस माझं. तुझं, म्हणजे.

शुक्रवारनंतर खळ्यावर माझं काही राहणार नाही. बघायला येण्यासारखं काही नाही, तरी मी रविवारी येतोय. पाऊस तोंडावर आलाय, गंजी परत जागेवर यायला हवी, नाहीतर विहिरीपलीकडच्या ओलीला कडबा कुजेल. तू एकट्याने परत हात घालू नकोस. गंजी रचायला दोन माणसं लागतात, हे तूच मला शिकवलंस. फक्त तेव्हा वर तू असायचास. या वेळी वर मी चढतो. तू खालून पेंढ्या दे.

तुझा सख्खा भाऊ,
सोमा